नळी काढली की!

माझ्या ओपीडीच्या टेबलाच्या उजव्या खणात एक लांबडी वही आहे, किराणा दुकानात उधारीची असते ना तसली, लाल कापडी पाठीची. कॉम्प्युटर आहे, सॉफ्टवेअर आहे, सगळी नोंद त्यात होतेच, तरी ही वही मी गेली कित्येक वर्षं स्वतःच्या हातानं लिहितो. नवीन ज्युनियर डॉक्टर आले की विचारतात, सर हे कशाला? प्रत्येक वेळी अर्धवटच सांगून होतं कारण तेवढ्यात पुढचा पेशंट आत येतो. आज रविवार आहे, इमर्जन्सीही काही आलेली नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय.

वहीत एकाच गोष्टीची नोंद असते. कुणाच्या आत मी डीजे ठेवलाय आणि तो परत काढला का.

डीजे म्हटलं की आपल्याकडे लोकांना वरातच आठवते, हा शब्द तिकडचा नाही. मूत्रपिंडातून लघवी खाली मूत्राशयात आणणारी एक नैसर्गिक नळी असते, युरेटर, वीतभरापेक्षा थोडी लांब आणि पेन्सिलच्या शिशापेक्षा थोडी जाड. मुतखडा बहुतेक वेळा हिच्यातच अडकतो आणि माणूस गडाबडा लोळतो तो तेव्हाच. दुर्बिणीतून लेझरनं खडा फोडला की ही नळी आतून सुजलेली असते, बारीक चुरा शिल्लक असतो, आणि सूज अधिक चुरा मिळून पुन्हा रस्ता बंद होऊ नये म्हणून आत एक मऊ प्लॅस्टिकची नळी ठेवतात, साधारण २४-२६ सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड, दोन्ही टोकं इंग्रजी जे अक्षरासारखी वळवलेली म्हणजे एक टोक किडनीत अडकतं, एक मूत्राशयात, आणि नळी जागची हलत नाही. दोन जे म्हणून डबल जे, म्हणून डीजे. १९७८ साली रॉय फिनी या अमेरिकन युरॉलॉजिस्टनी, म्हणजे माझ्यासारख्याच मूत्रमार्गाच्या सर्जननी, ही दोन टोकांची रचना मांडली आणि आमच्या शाखेचं कामच बदललं. कितीतरी किडन्या या नळीनं वाचवल्यात. पू झालेली, तुंबलेली किडनी घेऊन तापानं फणफणलेला पेशंट येतो, बीपी खाली गेलेलं असतं, तेव्हा खडा फोडायच्या भानगडीत न पडता आधी ही नळी सरकवायची, आणि ती वर पोचली की दुर्बिणीत दिसतं, गढूळ पिवळी लघवी धार धरून खाली येते. रात्री तीनला ते बघितलं की झोप वगैरे सगळं विसरायला होतं.

पण ही नळी पाहुणी आहे. दोन ते सहा आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत तिला बाहेर काढावंच लागतं. काढणं सोपं असतं, जेलीची भूल, बारीक दुर्बीण, पाच मिनिटांचं काम, पेशंट चालत घरी जातो. नाही काढली तर लघवीतले क्षार तिच्यावर बसायला लागतात. १९९१ सालचा एक अभ्यास आम्हाला शिकताना सांगायचे, त्यात ६ आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी साधारण ९ टक्क्यांवर क्षार जमलेले होते आणि १२ आठवड्यांच्या पुढे गेलेल्यांपैकी ७६ टक्क्यांवर. खडीसाखर कशी करतात माहितीये ना, पाकात दोरा सोडून ठेवायचा, खडे त्याच्याभोवती धरतात. अगदी तसंच. फक्त दोरा आपल्या माणसाच्या आत असतो.

हे सगळं मला पाठ होतं. एम.सी.एच.च्या, म्हणजे युरॉलॉजीतल्या पदवीच्या, परीक्षेत यावर उत्तर लिहून मार्कही मिळवलेत. तरी माझ्याकडून व्हायचं ते झालंच.

प्रॅक्टिस सुरू करून फार दिवस झाले नव्हते. आमचा भाग उसाचा, दिवाळी झाली की बीडकडून, धाराशिवकडून (पूर्वीचं उस्मानाबाद) ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात आणि आमच्या ओपीडीत खड्यांचे पेशंट वाढतात. त्यातलाच एक, पस्तिशीतला, रात्री ट्रॅक्टरवर घालून आणलेला. डाव्या बाजूला ११ मिलिमीटरचा खडा. एवढा खडा आपोआप पडायची आशा नसते. दुर्बिणीतून फोडला, डीजे ठेवला, लघवीची साधी नळी म्हणजे कॅथेटर घातलं, दुसऱ्या दिवशी सिस्टरनी कॅथेटर काढलं, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. कार्डावर इंग्रजीत लिहिलं, तीन आठवड्यांनी डीजे काढण्यासाठी यावे. तोंडीही सांगितलं, तीन आठवड्यांनी या बरं का, नळी काढायचीय. मान हलवली दोघा नवरा-बायकोनी. झालं.

चार वर्षांनी तो परत आला. म्हणजे योगायोगानं, हंगाम पुन्हा आमच्याच कारखान्यावर लागला म्हणून. लघवीला सारखी आग, मधूनमधून लाल, थंडी वाजून ताप. चार वर्षं त्याला वाटत होतं उन्हाळी लागलीय, उसाच्या फडात उन्हात राबणाऱ्याला उन्हाळी लागणारच. धन्याचं पाणी, सब्जा, कुणीतरी दिलेल्या पुड्या, सगळं करून झालेलं. एक्स-रे लावला बोर्डवर आणि माझे हातपाय गार पडले. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत पांढरीशुभ्र रेघ, किडनीत एक गोळा, मूत्राशयात लिंबाएवढा दुसरा गोळा. माझीच नळी होती ती. फाईल काढली, माझीच सही.

मी जरा चढ्या आवाजात विचारलं हे कबूल करतो, नळी काढायला का नाही आलात? तर त्याची बायको म्हणाली, "काढली की नळी, साहेब. दुसऱ्याच दिवशी सिस्टरबाईनी काढली, मी तिथंच उभी व्हते."

मला कळायला काही सेकंद लागले. कॅथेटर! तिनं आपल्या डोळ्यांनी नळी काढलेली बघितली होती. आम्ही सांगितलं नळी काढायची आहे, आणि नळी तर काढली. त्यांच्या लेखी विषय संपला होता आणि त्यात त्यांची काहीही चूक नव्हती. दोन नळ्या होत्या हे आम्हाला ठाऊक, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर लोंबणारी नळी दिसते, टोचते, पिशवी हातात धरून फिरावं लागतं, ती निघाली की माणूस सुटतो. आतली नळी कुणाला दिसते? आणि आम्ही दोघींनाही नळीच म्हणत होतो.

तीन वेळा थिएटरला घेतलं त्याला. आधी मूत्राशयातला गोळा फोडला, मग पाठीतून भोक पाडून किडनीतला, मग मधला भाग, नळी ठिसूळ झालेली, ओढली की तुटायची, तुकड्या-तुकड्यानं काढली. पण किडनीच्या स्कॅनमध्ये डावी किडनी जेमतेम ९ टक्के काम करत होती आणि पू होणं थांबत नव्हतं, शेवटी ती काढावी लागली. उजवी चांगली होती.

मी त्याला समोर बसवून सांगितलं की आमचं चुकलं, तुम्हाला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही. ऑपरेशनचे पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतंय. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं एकच विचारलं, कोयता धरता येईल का? मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, उचल, फिटायची होती अजून.

म्हटलं, येईल. एका किडनीवर माणूस सगळं काम करू शकतो, फक्त तिला आता जपायचं. तो गेला आणि त्याच संध्याकाळी मी स्टेशनरीच्या दुकानातून ती वही आणली.

वहीचे रकाने मी ठरवले तेव्हा साधे होते, आता अनुभवानं वाढलेत. नाव, गाव, कुठली बाजू, ठेवल्याची तारीख, काढायची तारीख. मग फोन. पेशंटचा फोन पुरत नाही, सिम बदलतं, रिचार्ज संपतो, बाईमाणूस असेल तर फोन नवऱ्याकडे किंवा पोराकडे असतो. म्हणून दुसरा नंबर घ्यायचा, शेजाऱ्याचा, मुकादमाचा, गावातल्या दुकानदाराचा, कुणाचाही जो हलत नाही. ऊसतोडीचा पेशंट असेल तर पट्टा कधी पडणार, म्हणजे कारखान्याचा हंगाम कधी संपणार, तेही विचारून लिहायचं, कारण एकदा हंगाम संपून गाड्या गावाकडं निघाल्या की तो माझ्या हातातून गेला, मग त्याच्या गावाजवळ कुठल्या युरॉलॉजिस्टकडे पाठवायचं ते आधीच ठरवून चिठ्ठी हातात द्यायची. नळी निघाली की लाल पेनानं टिकमार्क. दर सोमवारी दुपारी आमच्या सिस्टर वही घेऊन बसतात आणि ज्यांच्यापुढं लाल खूण नाही त्यांना फोन लावतात.

आणि तारीख मी आता तारखेनं सांगतच नाही. घरी कालनिर्णय असतंच, म्हणतो पोळ्याच्या आत यायचं, किंवा दसऱ्याआधीचा सोमवार, त्या चौकटीवर आज घरी गेल्या गेल्या गोल करा. तारीख विसरते, सण विसरत नाही. कागदावर चित्र काढतो, किडनी, पिशवी, मध्ये नळी, आणि सांगतो की बाहेरची नळी उद्या निघेल, ही आतली आतच राहणार, डोळ्याला दिसणार नाही, पण आहे. मग उलट विचारतो, आता तुम्ही मला सांगा, तुमच्या आत काय आहे? हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. इथं खरी गंमत कळते, शिकलेली माणसं, बँकेतले साहेब, शाळेतले मास्तर, तेही चुकीचं सांगतात. म्हणजे प्रश्न अडाणीपणाचा कधीच नव्हता.

या प्रकरणानंतर मला माझ्या बाकीच्या बोलण्याचीही शंका यायला लागली. काय काय मी सांगितलंय असं समजतोय आणि समोर पोचलेलंच नाही?

प्रोस्टेटचंच घ्या. साठीच्या पुढं ही ग्रंथी वाढते, लघवीची वाट दाबते, धार बारीक होते, रात्री चारचार वेळा उठावं लागतं. औषधानं भागलं नाही तर दुर्बिणीतून आतला भाग खरवडून काढतात. या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांमध्ये वीर्य बाहेर न येता मागं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. ताठरता सहसा जात नाही, इच्छा जात नाही, फक्त वीर्य दिसत नाही. धोका काही नाही. मी हे सांगायचो की, वॉर्डात राउंडला, घाईत, कॉटभोवती सून आणि नातवंडं उभी असताना, तेही अशा गुळमुळीत शब्दांत की कुणाला काही कळू नये. एक निवृत्त गृहस्थ दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी आले, कुणी आजूबाजूला नाही हे बघून खाली मान घालून म्हणाले, डॉक्टर, त्या ऑपरेशननं माझं पुरुषपण गेलं. दोन वर्षं हा माणूस बायकोपासून वेगळ्या खोलीत झोपत होता. त्यांना वाटलं होतं कायमचं काहीतरी बिघडलंय. मी चित्र काढून दाखवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही. आता मी हे ऑपरेशनच्या आधी, दार लावून, पेशंटशी एकट्याशी, आणि त्यांची तयारी असेल तर काकूंनाही बसवून, स्वच्छ मराठीत बोलतो. लाज मलाच वाटत होती, त्यांना नाही.

पाण्याचंही तेच. आम्ही सगळे युरॉलॉजिस्ट म्हणतो, भरपूर पाणी प्या. भरपूर म्हणजे किती? ज्याला एकदा खडा झालाय त्याला दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे एसीत बसणाऱ्याला तीन लिटर पाणी पुरेल, पण मे महिन्यात शेतात असणाऱ्याचं तेवढं घामातच जातं. म्हणून मी लिटर सोडून रंग सांगतो, लिंबू सरबतासारखी फिकट असली पाहिजे, चहासारखी झाली की तांब्या उचलायचा. हे पुरुषांना लगेच पटतं. बायकांचं वेगळं आहे आणि ते कळायला मला फार वेळ लागला. एका मावशींना तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हा मी जरा वैतागून म्हटलं, पाणी का पीत नाही तुम्ही? त्या म्हणाल्या, "पिऊन जायचं कुठं?" फडात आडोसा नाही, सगळी गडीमाणसं आजूबाजूला, पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधार पडल्यावर एकदा. तहान लागली तर चूळ भरायची आणि थुंकायचं. भाजीबाजारातल्या, एसटीच्या लांबच्या प्रवासातल्या, कितीतरी शाळांतल्या शिक्षिका आणि मुली सुद्धा, सगळ्यांचं हेच. मी त्यांना प्रिस्क्रिप्शनवर लिहून देत होतो, भरपूर पाणी! त्या कागदाचा काही उपयोग नव्हता. संडास नाही हा माझ्या शाखेचाच आजार आहे, आणि त्यावर माझ्याकडे गोळी नाही. आता निदान विचारतो की जायची सोय कुठं आणि कधी आहे, आणि त्याप्रमाणं पाण्याच्या वेळा बसवून देतो, संध्याकाळी घरी आल्यापासून जास्त, पहाटे उठल्या उठल्या दोन तांबे. अर्धामुर्धाच उपाय आहे.

खाण्याबद्दल एवढंच सांगतो की खडा कॅल्शियमचा आहे म्हणून दूध बंद करू नका, आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे कॅल्शियमशी मिळून खडा बनवणाऱ्या क्षाराला, धरून ठेवतं, दूध बंद केलं तर उलट खडे वाढू शकतात. कमी करायचं ते मीठ, म्हणजे लोणचं, पापड, वरून भुरभुरवलेलं. टोमॅटोच्या बियांना लोक उगाच दोष देतात, आणि बिअर पिऊन खडा पाडायचा सल्ला देणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

एक मात्र जरा थांबून वाचा. खड्याचं दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नसतं. खडा वाटेत तसाच अडकलेला असतो, किडनी फुगून फुगून शेवटी लघवी तयार करणंच कमी करते, दाब उतरतो, दुखायचं थांबतं. माणूस म्हणतो अमक्याच्या पुडीनं गुण आला. आणि आतल्या आत, अजिबात न दुखता, किडनी वाळून जाते. म्हणून दुखायचं थांबल्यावरही एक सोनोग्राफी करायची असते, खडा गेला हे डोळ्यांनी बघायचं असतं. तसंच न दुखता लघवीतून रक्त आलं, एकदाच आलं आणि आपोआप थांबलं, तरी दाखवायचं, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि चाळिशीच्या पुढच्यांनी. मूत्राशयाच्या कॅन्सरची सुरुवात कितीदा अशीच होते, एकदा लाल, मग सहा महिने काहीच नाही. दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत. दुखलं असतं तर बरं झालं असतं असं मला किती वेळा वाटलंय.

परवाच्या सोमवारी वहीत दोन नावं लाल खुणेशिवाय होती. एकाचा फोन लागला, पोरीच्या सुपारीच्या गडबडीत राहून गेलं म्हणाले, बुधवारी आले, नळी काढली. काढलेली नळी मी आता मुद्दाम पेशंटच्या हातात देतो, बघा म्हणतो, ही ती आतली. ते तिच्याकडं उलटसुलट करून बघत राहिले, एवढी लांब होती होय! दुसऱ्या एक आजी आहेत, नंबर बंद लागतोय, शेजारच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो लेकीकडं पुण्याला गेल्यात, लेकीचा नंबर मिळवून देतो. उद्या पुन्हा लावायचाय.

हे वाचणाऱ्यांनी एक काम करा. तुमच्या घरात, भावकीत, ऑफिसात कुणाचंही कधी मुतखड्याचं किंवा किडनीचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांची फाईल काढा आणि डिस्चार्ज कार्डावर डीजे, डबल जे किंवा स्टेंट असा शब्द आहे का बघा. असेल तर पुढं काढल्याची नोंद आहे का तेही बघा. त्यांना नुसतं विचारू नका, ते सांगतील नळी काढली की, आणि त्यांच्या मनात ती लघवीच्या पिशवीची नळी असेल. शंका आली तर पोटाचा एक साधा एक्स-रे काढा, के.यू.बी. म्हणून मागायचा, कुठल्याही गावात निघतो, नळी असेल तर त्यात दिसते. आणि दिसली तर जवळच्या कुठल्याही युरॉलॉजिस्टकडे जा. किती वर्षं झाली म्हणून लाजू नका, तो रागावला तर रागावू दे.